त्या निवेदनावर माझी सही नसेल

वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठाला सलग काँक्रीटची भिंत घालावी, या मागणीचे निवेदन आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले आणि दुपारपर्यंत बहुतेकांनी त्याला होकारही कळवला. मी कळवलेला नाही आणि कळवणारही नाही.

ऑगस्ट २०२४ चा पूर आपण सगळ्यांनीच भोगला. नदी दिसावी म्हणून मागचा झाडोरा साफ करून बांधलेली आपली कुंपणभिंत त्यात गेली, पण ती पाणी चढताना नव्हे, ओसरताना गेली. नदी झपाट्याने उतरते, काठाच्या मातीत मुरलेले पाणी मात्र तितक्या लवकर निथळत नाही. ते आतून रेटत राहते आणि जड झालेली माती भिंतीसकट खाली घसरते. शेजारच्या पडीक तुकड्यावर कुणाचा कोयता पोहोचला नव्हता. तिथली निरगुडी आडवी झाली, करंजाच्या उघड्या मुळांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबकळल्या, पण काठ जागेवर राहिला. हे दोन्ही तुकडे गच्चीवरून एकाच नजरेत दिसतात, तरी पुन्हा भिंतच हवी!

काठाचा उतार सौम्य करावा, पायथ्याशी दगड रचावेत, वर काथ्याची जाळी अंथरून तीत वाळा लावावा आणि निरगुडीच्या ओल्या फांद्या खोचाव्यात, एवढे साधे काम आहे. माठात जुडी टाकण्यापलीकडे आपल्याला वाळा ठाऊक नसतो. त्याची मुळे ३ मीटरपर्यंत सरळ खाली जातात. आणि नदीतल्या मगरींचे काय? मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीतच खड्डा करून अंडी घालते. ती काँक्रीटमध्ये घालणार आहे का? शिवाय वरून, पावागडाच्या डोंगराकडून येणारे पाणी भिंतीने नाहीसे होत नाही, ते समोरच्या काठावर आणि खालच्या गावांत जाते. ते लोक आपल्या ग्रुपवर नाहीत, एवढेच.

तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज, गाद्या, देवघर, सगळे चिखलात गेले. त्यांना मी वाळ्याचे गुण सांगू लागलो, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नवी लागवड रुजेपर्यंत एखादा मोठा पूर आला तर ती वाहून जाईल, हेही खरे. पण मागच्या पुरात भिंत तरी काकूंच्या कामी कुठे आली?

मी दुसरे निवेदन लिहिले आहे. उघड्या पडलेल्या तुकड्यावर पावसाच्या तोंडावर लागवड व्हावी आणि पडीक तुकड्याला कुणी हात लावू नये, एवढीच त्यात मागणी आहे. पुलाखालचा भाग वगळला आहे. खांबांजवळच्या ओढीपुढे गवत टिकत नाही, तिथे दगडी बांधकाम लागेल, तेवढे मान्य.