अब्जाधीशांची वकिली पगारदारांनी कशाला करायची?

"अतिश्रीमंतांवर कर वाढवला की ते देश सोडून जातील." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. आणि बोलतं कोण? महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस! ज्याचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापून घेतलेला असतो, ज्याला त्यात एका पैशाचीही घासाघीस करता येत नाही, तो अब्जाधीशांच्या काळजीने व्याकूळ होतो. भयंकर संताप होतो माझा.

एक तर वरच्या टप्प्याचा दर वाढवा म्हटलं की लोकांना वाटतं, सगळ्या कमाईवर तो दर बसणार. अरे, नाही बसत! मर्यादेच्या वर जेवढी रक्कम जाते, तेवढ्यालाच तो लागतो. वर्षानुवर्षं रिटर्न भरणाऱ्या माणसांनाही हे परत परत सांगावं लागतं.

दुसरं पालुपद म्हणजे कर वाढले तर उद्योग बुडतील, कुणी मेहनतच करणार नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकात सगळ्यात वरचा दर 91 टक्के होता. बुडाले उद्योग? उलट तिथला मध्यमवर्ग त्याच काळात वर आला. पळवाटा तेव्हाही होत्या, पुरता 91 टक्के भरणारे थोडेच होते, हे मला माहीत आहे. पण 1988 पर्यंत तो दर 28 टक्क्यांवर आणला आणि आज तो 37 आहे. एवढी सवलत मिळूनही रड चालूच आहे.

पण खरा राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. आपण वाद घालतो 'उत्पन्ना'वरच्या दराचा, आणि या लोकांनी उत्पन्न दाखवायचंच सोडून दिलंय. जेफ बेझोस यांचा अ‍ॅमेझॉनमधला मूळ पगार कित्येक वर्षं 81,840 डॉलर होता. बाकी सगळं शेअरमध्ये. शेअरचा भाव कितीही चढो, विकत नाही तोवर कर शून्य. आणि विकायचं कशाला? बँकेकडे शेअर तारण ठेवायचे, कर्ज उचलायचं आणि त्यावर मजेत राहायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर कर नाही. मेल्यावर तर कहरच आहे. नफा मोजतात तो खरेदी किमतीपासून, पण अमेरिकी कायद्यात वारसासाठी शेअरची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या भावाने धरतात. म्हणजे आयुष्यभर वाढलेल्या नफ्यावरचा प्राप्तिकर कायमचा पुसला गेला! ही चोरी नाही, हे सगळं कायदेशीर आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

2021 मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने तिथल्या करखात्याची कागदपत्रं उघड केली. 2014 ते 2018 या काळात सर्वांत श्रीमंत 25 जणांची संपत्ती 401 अब्ज डॉलरनी वाढली. त्यांनी केंद्रीय प्राप्तिकर भरला 13.6 अब्ज. वाढीच्या 3.4 टक्के! बेझोस यांनी 2007 आणि 2011 मध्ये हा कर शून्य भरला, आणि 2011 मध्ये मुलांसाठीची 4,000 डॉलरची सवलतही घेतली. जी सवलत पोरांचा खर्च भागवताना मेटाकुटीला आलेल्या आईबापांसाठी आहे, ती यांनी घेतली. हे वाचूनही कुणाला अतिश्रीमंतांचीच दया येत असेल, तर मला त्या माणसाशी काय बोलावं तेच कळत नाही.

आता 'पळून जातील'चं बघू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी 2022 मध्ये 10 लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर जादा 4 टक्के कर मंजूर केला. पहिल्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यातून 1 अब्ज डॉलर धरले होते, प्रत्यक्षात दुपटीहून जास्त आले. शिक्षण आणि वाहतुकीसाठी! नॉर्वेतून काही धनाढ्य स्वित्झर्लंडला गेले, हे खरं आहे. मग तिथल्या सरकारने हात टेकले का? जाणाऱ्यांवरचा कर कडक केला. इच्छा असली की असं करता येतं.

इच्छाच नाही, ही रड आहे. गाब्रिएल झुकमान या अर्थतज्ज्ञाने 2024 मध्ये जी-20 साठी अहवाल दिला. जगातल्या सुमारे 3,000 अब्जाधीशांनी वर्षाला संपत्तीच्या किमान 2 टक्के कर भरावा, एवढंच त्याचं म्हणणं. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने 2025 च्या फेब्रुवारीत 10 कोटी युरोंच्या वर संपत्ती असणाऱ्यांसाठी तसा प्रस्ताव मंजूरही केला. जूनमध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहाने, म्हणजे सिनेटने, तो फेटाळला. दोन टक्के जड झाले त्यांना!

नुसता वरचा दर वाढवून भागणार नाही. अमेरिकेत पगारावर 37 टक्क्यांपर्यंत आणि दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर अधिभार धरून 23.8, हा फरक आधी मिटवा. घाम गाळणाऱ्याने जास्त भरायचं आणि शेअर धरून बसणाऱ्याने कमी, हे कुठल्या न्यायाने? वारसांना मिळणारी ती माफी बंद करा. आणि शेअर तारण ठेवून कर्ज काढलं की तेवढे शेअर विकले असं धरून त्याच वर्षी कर वसूल करा.