सीआयडीच्या पुढे ई

इंग्रजी सुधारायचं म्हणून इंग्रजी पेपर लावला असेल तर तो आधी बंद करा. पेपरातली वाक्यं एकमेकांसारखी नसतात, त्यामुळे ती पाठ होत नाहीत. खरं इंग्रजी यादीत असतं. शेवटची अक्षरं सारखी असलेले शब्द एकाखाली एक, समोर अर्थ, वर ठळक अक्षरांत ‘अतिसंभाव्य’. स्पर्धा परीक्षेत ‘वन वर्ड सबस्टिट्यूशन’, म्हणजे अख्ख्या व्याख्येला एकच शब्द, विचारतात ना, मग हे आलंच पाहिजे.

सुरुवात सी-आय-डी-ई पासून करा. पहिली तीन अक्षरं खुनाचा तपास करतात, चौथं लागलं की खूनच पडतो. लॅटिनमध्ये ‘काइदेरे’ म्हणजे कापणे, ठार मारणे. एवढं समजलं की पुढे फक्त मयत कोण ते बघायचं. बाप असेल तर पॅट्रिसाइड, आई असेल तर मॅट्रिसाइड. भाऊ फ्रॅट्रिसाइड, बहीण सोरोरिसाइड, बायको अक्सोरिसाइड, नवरा मॅरिटिसाइड, पोटचं लेकरू फिलिसाइड. घरी मोठ्याने पाठ करायला हरकत नाही. आईला इंग्रजी येत नसेल तर पोरगं अभ्यासाला बसलंय म्हणून ती चहा आणून देईल.

रेजिसाइड म्हणजे राजाचा खून, आणि खून करणाराही रेजिसाइडच. १६४९ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवायच्या हुकमावर ५९ जणांनी सह्या केल्या, ते सगळे रेजिसाइड. त्यांतला ऑलिव्हर क्रॉमवेल पुढे आपल्या मरणाने मेला, तर नव्या राजवटीने १६६१ मध्ये त्याचं प्रेत उकरून फासावर टांगलं. मेलेल्याला पुन्हा मारण्यासाठी यादीत शब्द शोधत बसू नका. त्याला मार्क नाहीत.

देशी उदाहरण हवंच असेल तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून उठा आणि शनिवारवाड्यापर्यंत चालत जा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवा म्हणजे छत्रपतींचा प्रधान, राजा नव्हे, तेव्हा रेजिसाइडचा पर्याय लगेच खोडा. संशय चुलत्यावर, म्हणजे हा नेपोटिसाइड, पुतण्याचा खून. चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ही कथा तुम्ही शाळेत ऐकलीच असेल. खरी-खोटी काहीही असो, एका अक्षरात माणूस संपवायची सोय आपल्याकडे होती. त्यासाठी चार अक्षरं खर्च करणं ही विलायती उधळपट्टी झाली, पण परीक्षा त्यांची आहे.

जाता जाता ‘नेपोटिझम’ही उरका, मूळ तेच. पुतण्याला मारलं तर नेपोटिसाइड, तिकीट दिलं तर नेपोटिझम. महाराष्ट्राचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर दोन्ही शब्द हाताशी ठेवावेत.

या यादीचा सर्वांत मोठा गुण असा की, हिच्यात नातेवाईक मारता येतात, सांगता मात्र येत नाहीत. काकाला मारलं तर अव्हन्क्युलिसाइड, मामाला मारलं तरी तेच. लॅटिनमध्ये काका वेगळा होता, मामा वेगळा होता. इंग्रजांनी दोघांना एका ‘अंकल’मध्ये कोंबलं, वर आत्याचा आणि मावशीचा नवराही आत सारला. आपलं बघा. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, साडू, व्याही. माणसं नुसती मोजून ठेवली आहेत, आणि मारायला मात्र एकालाही स्वतंत्र शब्द नाही! बांधावरून झालेल्या भांडणात कुणाची कुऱ्हाड कुणाला लागली, हे ठाण्यात सांगायला अख्खं वाक्य लागतं. एक भाऊबंदकी तेवढी आहे, पण तीत सगळे जिवंत राहून तीन पिढ्या कोर्टात जातात. मराठीची ही गरिबी तुम्ही यादीने भरून काढायची आहे.

‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार, लवकर होतो. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने हा शब्द घडवला, तो १९४४ साली छापून आला. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी करार करून तो गुन्हा ठरवला. कुठल्या कत्तलीला हा शब्द लावायचा यावर देश अजून भांडतात. तुम्हाला अर्धं मिनिट मिळेल.

शेतकऱ्याच्या घरातल्यांनी जरा जपून. फंजिसाइड, हर्बिसाइड, इन्सेक्टिसाइड हे तुम्हाला आधीच येतं. नाशिककडचे असाल तर द्राक्षाचं पान उलटं करून रोग भुरी की डाऊनी ते सांगाल, मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रणही कराल. हे ज्ञान वापरातलं असल्यामुळे कुचकामी आहे, विसरून जा. कृषी सेवा केंद्रात या सगळ्याला ‘औषध’ म्हणतात. तेच घरातल्या कुणी घेतलं तरी गावात ‘औषध प्यायला’ असंच म्हणतात. त्यासाठीचा शब्द यादीत अगदी तळाला असतो, सोपा म्हणून.

‘कोइन्साइड’ला फसू नका. त्याचं मूळ ‘पडणे’ या अर्थाच्या दुसऱ्या धातूत आहे, त्यात कुणी मरत नाही. ‘डिसाइड’ मात्र याच खानदानातला. ठरवणे म्हणजे बाकीचं कापून टाकणे, चारांतले तीन पर्याय मारणे. हा शब्द सरावाचा आहे म्हणून यादीत सहसा नसतो.

मुलाखतीत विचारतील, पुण्यात खर्च कोण करतं? ‘माय अंकल’ म्हणा. काका की मामा, असं कुणी खोदून विचारलंच तर मान ताठ ठेवून सांगा, ‘सर, अव्हन्क्युलिसाइडमध्ये दोघेही येतात.’