शौर्य रक्तातलं की भरतीतलं?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच दिवशी दोन मेसेज आले. सकाळी माणेकशॉंचं म्हणून फिरणारं ते वाक्य, मरणाला भीत नाही म्हणणारा एकतर खोटारडा असतो नाहीतर गुरखा, सोबत कुकरीचा फोटो आणि खाली सॅल्यूटच सॅल्यूट. आणि रात्री साडेबाराला, 'गुरखा परत झोपलाय, पगार कापा त्याचा.' कोणालाच काही वाटलं नाही. मलाही लगेच नाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे गुरखा म्हणजे काठी आपटत, शिट्टी मारत फिरणारा आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार पैसे मागणारा माणूस. आमच्या गेटवरचा अछामचा आहे, म्हणजे पार पश्चिम नेपाळ. त्याच्या घराण्यात कोणी पलटणीत नव्हतं, गोरखा पलटणींत भरती व्हायची ती मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू यांची, नवव्या गोरखा रायफल्समध्ये छेत्री-ठकुरी. पण आपल्याला काय, चेहरा तसा दिसला की गुरखा, आणि नाव काहीही असो, हाक 'बहादूर'.

ही ओळख आली कुठून? १८१४ साली देहरादूनजवळ नालापानीच्या गढीत नेपाळचा सरदार बलभद्र कुंवर सहाशेएक माणसं घेऊन बसला होता, त्यात बायका-पोरं पण. समोर ईस्ट इंडिया कंपनीची तोफांसकट कितीतरी मोठी फौज. त्यांचा जनरल गिलेस्पी पहिल्याच मोठ्या हल्ल्यात पडला. गढी महिनाभर टिकली, शेवटी पाणी तोडलं तेव्हा उरलेसुरले सत्तरएक जण बाहेर पडले. इंग्रजांनी नंतर तिथे दोन स्मारकं उभारली, एक आपल्या मेलेल्यांचं आणि एक बलभद्र आणि त्याच्या माणसांचं. हे सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत, की १८१५ मध्ये, नेपाळशी लढाई संपवणारा सुगौलीचा तह अजून पक्का व्हायचा होता तेव्हाच, कंपनीने याच लोकांची भरती सुरू केली. आणि बलभद्र स्वतः पुढे लाहोरला रणजितसिंहाच्या चाकरीत गेला आणि १८२३ मध्ये नौशेऱ्याला अफगाणांशी लढताना मेला. परदेशी फौजेत जाणाऱ्याला नेपाळीत आजही 'लाहुरे' म्हणतात, लाहोरवरून. म्हणजे त्यांच्या भाषेतला शब्द शौर्याचा नाहीये, नोकरीसाठी घर सोडल्याचा आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी यावर थिअरीच बसवली, काही जाती जन्मजात लढाऊ आणि बाकीच्या नाहीत. आता हे आपल्याला का कळायला हवं, तर याच थिअरीने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. १८१८ ला कोरेगावात लढलेल्यांना, सुभेदार झालेल्यांना सांगितलं की तुम्ही लढाऊ नाही. त्यांच्यातलेच निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्जविनंत्या केल्या, काही झालं नाही, महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. पन्नास वर्षांत काय रक्त बदललं का? तेव्हा 'गुरख्यांच्या रक्तातच आहे' असं कोणी लिहिलं की मला त्याच रजिस्टरचं दुसरं पान दिसतं.

बरं, पराक्रम खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात लछिमन गुरुंगने खंदकात पडलेले ग्रेनेड उचलून दोनदा परत फेकले, तिसरा हातातच फुटला, उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने रायफल चालवत चार तास लढला. उंची पाच फुटांच्या आत. कुलबीर थापाला १९१५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला, गुरखा सैनिकाला मिळालेला पहिला, तो जखमी साथीदारांना उचलून आणल्याबद्दल. आणि १९११ पर्यंत तर ते पदक यांना मिळायची सोयच नव्हती. आणि हो, जालियनवाला बागेत डायरच्या हुकुमावर गोळ्या झाडणाऱ्यांतही गुरखे होते, हे पण त्याच इतिहासात येतं.

कुकरीचा आपल्याकडे सगळ्यात जास्त सांगितला जाणारा किस्सा तर मुंबईत वाढलेल्या माणसाचा आहे! इयान कार्डोझो, पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमधले अधिकारी. नाव जवानांच्या तोंडात बसेना म्हणून 'कार्तूस साहेब'. १९७१ ला सिल्हेटमध्ये सुरुंगावर पाय पडला, चिंधड्या झाल्या, जवानाला म्हणाले काप. त्याला ते होईना, मग कुकरी घेऊन यांनी स्वतःच कापला. आता सांगा यात कुठल्या जातीचं रक्त.

ज्याला जन्मजात शूर ठरवलं त्याला मोबदला कमी दिला तरी चालतं, हे मला खरं टोचतं. तुलबहादूर पुन, व्हिक्टोरिया क्रॉसवाला, म्हातारपणी उपचारासाठी ब्रिटनला जायला निघाला तर आधी व्हिसा नाकारला, का तर देशाशी पुरेसा संबंध नाही म्हणे!! बोंब झाली तेव्हा २००७ मध्ये दिला. ब्रिटिश सैनिकांपेक्षा पेन्शन कमी म्हणून ब्रिटिश फौजेतले निवृत्त गुरखे २०२१ मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या घरासमोर उपोषणाला बसले होते.

आणि आपण? २०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी बहुतेकांना घरी पाठवणार म्हटल्यावर नेपाळने भरती थांबवली, गुरखा भरतीबद्दलच्या भारत-ब्रिटन-नेपाळ यांच्या १९४७ च्या करारात हे बसत नाही म्हणून. तेव्हापासून नेपाळमधून नवीन पोरं आपल्या गोरखा पलटणींत आलेली नाहीत. त्यावर आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड नाही.

काल रात्री उशिरा आलो तेव्हा गेटवरच्याला त्याचं खरं नाव विचारलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. मग विचारलं, तुमच्या गावची पोरं हल्ली कुठे जातात. कतार, मलेशिया, म्हणाला. पुतण्या रशियाच्या फौजेत गेलाय, एजंटने नेलं. आता कुठे आहे तो? फोन लागत नाही, म्हणाला, आणि मागे हॉर्न वाजला तसा गेट उघडायला गेला.