झेडपीच्या शाळेनं म्हणे बेकार पदवीधर घडवले!

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: राज्यातली बेकार पदवीधरांची फौज ही जिल्हा परिषदेच्या शाळांची करणी. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, म्हणून पाया कच्चा. मास्तर लाखभर पगार घेतात आणि शिकवत नाहीत. पोरांच्या हाताला काम शिकवावं हे सरकारला कधी सुचलंच नाही. सबब शाळा बंद करा, पैसे थेट पालकांच्या खात्यात टाका. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

पटलं नाही. का, ते एकेक करून सांगतो.

पहिल्याच आरोपात पत्ता चुकला आहे. झेडपीची शाळा बहुतेक गावांत चौथी-पाचवीपर्यंत असते, मोठ्या गावात सातवी-आठवीपर्यंत. मराठवाड्यात झेडपीच्या प्रशाला आहेत, विदर्भातही काही हायस्कुलं आहेत. पण एरवी राज्यातलं माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी अनुदानित संस्थांच्या हातात आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून तालुक्या-तालुक्यात संस्थांचीच हायस्कुलं उभी राहिली. त्यांचं ऋण आहेच. पण पोरगा झेडपीतून दाखला काढतो दहाव्या-अकराव्या वर्षी आणि पदवी घेतो एकविसाव्या वर्षी. मधली दहा वर्षं तो संस्थेच्या हायस्कुलात, ज्युनिअर कॉलेजात आणि विद्यापीठात असतो. त्याच्या बेकारीचं खापर चौथीच्या बाईंच्या डोक्यावर फोडायचं, हा कुठला न्याय?

वाचनाचं म्हणाल तर तिथे मात्र झेडपीवाल्यांना बोलणी खावी लागतील. ‘असर’ या, घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत २०२४ साली देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला. पाचवीत हेच प्रमाण ४४.८ टक्के. लाज वाटावी असाच आकडा आहे. पण त्याच पाहणीत खासगी शाळांतल्या पाचवीच्या मुलांचा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास आहे. फी भरून, टाय बांधून, पिवळ्या बसमधून जाणाऱ्या दहा मुलांतली चार मुलं तिथेही अडखळतात. फॉरवर्ड करणाऱ्यांनी दुसरा आकडा गाळला, की त्यांना तो माहीतच नव्हता, देव जाणे.

नापास न करण्याची गोष्ट तर शिळी झाली. शिक्षण हक्क कायद्यातली ती तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं सैल झाली, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर पुन्हा एक संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात. दहावीची परीक्षा तर कधी बंद झालीच नव्हती. तिचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१० आणि २०२० ला ९५.३०. दोन वर्षांत पोरं आधी बिघडली आणि मग सुधारली असं नाही. २०१९ ला भाषांचे अंतर्गत गुण काढून घेतले होते, २०२० ला ते परत आले. शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे सरासरीनं गुण दिले. ज्या टक्केवारीवर आपण शाळेची लायकी ठरवतो, ती अशी वर-खाली होते.

आता लाखभर पगार. जुन्या, निवृत्तीला आलेल्या गुरुजींचा असेल. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. त्याचं मानधन प्राथमिकला दरमहा सहा हजार होतं, ते २०२३ मध्ये सोळा हजार झालं. तेही भरती झाली तर. २ मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीच बंद होती. ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. सात वर्षं माणसं निवृत्त होत राहिली आणि जागा रिकाम्या राहिल्या. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोनच शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. एकाला बैठकीला बोलावलं की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. त्यातच पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत भरायची शाळेची माहिती, निवडणूक आली की मतदारयादी. आळशी मास्तर आहेतच, पण सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नका.

पैसे पालकांच्या खात्यात टाकले तर? याची छोटी आवृत्ती आपल्याकडे चालू आहे. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा वंचित घरांतल्या मुलांना आणि त्यांची फी सरकारनं शाळेला द्यायची. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये, आणि ते वेळेवर मिळत नाहीत ही संस्थाचालकांची कायमची ओरड. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत ती रद्द केली. हातात कायदा असताना गरिबाच्या पोराला प्रवेशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. खात्यात रक्कम आली की संस्थाचालक दार उघडून उभे राहतील, हे कशावरून?

आणि दार तरी कुठे आहे? २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा, प्रस्ताव निघाला तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या, मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. एकत्र शाळेत मुलांना खेळगडी आणि विषयाला शिक्षक मिळतो, हे खरं. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि गाडी नाही आली, तर पहिलीतली पोर घरीच राहते. नंतर नावापुरती पटावर उरते. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागितली आहे, ती उगीच नाही. अशा वाडीवर खासगी इंग्लिश मीडियम निघत नाही. तिथे पटच नाही, तर फी कोण भरणार?

राहिला हाताच्या कामाचा मुद्दा. सरकारला सुचलंच नाही, हे धादांत खोटं. गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, १९३७ साली वर्ध्यातच मांडली गेली. आमच्या पिढीनं कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं केली, ती कोठारी आयोगाच्या शिफारशीची झालेली थट्टा होती. पण एक गोष्ट थट्टेवर गेली नाही. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथे तयार झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय हायस्कुलात शिकवला जाऊ लागला. आठवड्यातला एक दिवस मुलं-मुली बाकावर बसत नाहीत. लोखंडी अँगल मोजून हॅक्सॉनं कापायचा, वेल्डिंग करून स्टँड उभा करायचा. बोर्डावर स्विच-प्लगची जोडणी करायची. शेतातली माती आणून तपासायची, चिक्की करायची, हिमोग्लोबिन बघायचं. आणि केलेल्या वस्तूचा खर्च मांडायचा: लोखंड किती, वीज किती, मजुरी किती, मग विकायची कितीला. त्रैराशिक फळ्यावर ज्याला जमत नव्हतं त्याला इथे जमतं.

२०१५-१६ पासून नववीला मल्टी स्किल, ऑटोमोटिव्ह, रिटेल, हेल्थ केअर असे विषय आले, त्यातल्या मल्टी स्किलचं मूळ हेच. २०१६ पासून दहावीच्या मुलांची कल चाचणीही झाली, सात क्षेत्रांपैकी तुमचा ओढा कुठे ते सांगणारी. अहवालात ‘कृषी’ किंवा ‘तांत्रिक’ यायचं, आणि जवळच्या ज्युनिअर कॉलेजात कला शाखेच्या दोन तुकड्या! कल कळला, पुढे जायचं कुठे? ‘असर’नं २०२३ मध्ये देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाची मुलं तपासली, महाराष्ट्रातून नांदेड होता. व्यावसायिक प्रशिक्षण घेणारी निघाली ५.६ टक्के.

म्हणजे सुचलं नाही असं नाही. सुचलेलं मोजक्या शाळांपुरतं ठेवलं. प्रशिक्षक खासगी एजन्सीमार्फत कंत्राटावर. करार संपला की कार्यशाळेला कुलूप, आणि नववीत सुरू केलेला विषय दहावीत कोण शिकवणार याची चिंता मुख्याध्यापकांना. मागायचंच असेल तर हे मागा: प्रत्येक अनुदानित हायस्कुलात एक कार्यशाळा, तिला शाळेच्याच पगारपटावरचा कायम निदेशक, आणि लोखंड-तारा-बियाण्यांचे पैसे जूनमध्ये.