फिरतीचं काम आहे म्हणून व्यायाम नको? अर्धंच खरंय

सध्या एक मेसेज फिरतोय की ज्याचं काम दिवसभर बाहेर, चालायचं आणि ओझी उचलायचं, त्याला वेगळ्या व्यायामाची गरजच नाही, आणि पुरावा म्हणून लंडनच्या बस कंडक्टरांचा दाखला देतात. दाखला खोटा नाहीये. 1953 मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं होतं की डबल डेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. पण त्यातून "व्यायाम नको" हे कुठून काढलं राव?

कामातली हालचाल बहुतेक एकसुरी असते. बॅग रोज त्याच खांद्यावर, फावडं मारताना कमरेतून वळणं त्याच बाजूला, आणि वेग असा ठेवावा लागतो की आठ तास निभला पाहिजे, म्हणजे धाप लागेपर्यंत कोणी जातच नाही, मग दम वाढणार कसा? वर थकलो म्हणून बसायचं कधी हेही आपल्या हातात नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाइडलाइनमध्ये कामावरचं चालणं धरतात, हे मान्य. तिथं आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगितलेत, पण त्याच्यासोबत किमान 2 दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायामही, आणि मेसेजवाले नेमकं तेवढंच गाळतात. म्हणून ड्युटी संपल्यावर परत पळायला जा असं कोणी म्हणत नाहीये, पाठ, पोट आणि कामात न वापरली जाणारी बाजू यांच्यासाठी थोडा वेळ काढा, आणि कंबर आधीच धरली असेल तर पहिले फिजिओला दाखवा.