तालिनमध्ये बाप-लेक एकत्र खेळले नव्हते

फुटबॉलमधील बाप-लेकांचा विषय निघाला की आइसलँडच्या आर्नोर आणि एइदुर गुद्योनसेन यांची गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि प्रत्येक खेपेस तिच्यात थोडे मीठमसाला पडून ती पुढे जाते. सध्या सर्वत्र फिरणाऱ्या तिच्या रूपाचा सारांश असा आहे: १९९६ साली सतरा वर्षांचा एइदुर आणि त्याचे वडील आइसलँडकडून एका सामन्यात खांद्याला खांदा लावून खेळले, मुलाची निवड अर्थातच वडिलांच्या वशिल्याने झाली होती, त्याची खरी कुवत कळताच पीएसव्ही आइंडहोव्हन या डच क्लबने त्याला घरचा रस्ता दाखवला, पुढे आइसलँडने बांधलेल्या बंदिस्त मैदानांत घाम गाळून तो नव्याने घडला, आणि एके दिवशी चेल्सी या इंग्लिश क्लबने त्याला थेट उचलले. यातले साल आणि वय एवढेच काय ते बरोबर आहे. बाकीच्या विधानांपैकी काही साफ खोटी आहेत, तर काहींत अर्धे सत्य असे बेमालूम मिसळले आहे की खोट्यापेक्षा तेच अधिक फसवते. म्हणून ती एकेक करून तपासणे भाग आहे.

पहिले विधान दोघे एकत्र खेळल्याचे. २४ एप्रिल १९९६ रोजी तालिन येथे एस्टोनियाविरुद्ध झालेला तो मैत्रीपूर्ण सामना आइसलँडने ३-० असा जिंकला. आर्नोर सुरुवातीपासून मैदानावर होते, दुसऱ्या डावात ते बाहेर आले आणि त्यांच्या जागी बदली खेळाडू म्हणून एइदुर आत गेला. वडिलांना पस्तिशी पूर्ण करण्यास सहा दिवस उरले होते आणि मुलगा साडेसतरा वर्षांचा होता. फुटबॉलचा बदलीचा नियम असा आहे की बाहेर जाणाऱ्या खेळाडूने मैदानाची रेषा ओलांडल्याखेरीज आत येणाऱ्याला पाऊल टाकता येत नाही, आणि आत येणाऱ्याने मध्यरेषेपाशी उभे राहून पंचांच्या खुणेची वाट पाहायची असते. म्हणजे ज्या बदलीमुळे ही गोष्ट अजरामर झाली, त्याच बदलीमुळे ते दोघे मैदानावर क्षणभरही एकत्र असणे अशक्य होते. एकाच आंतरराष्ट्रीय सामन्यात बाप आणि लेक दोघेही खेळले एवढेच खरे आहे, आणि माझ्या मते तेवढे पुरेसे विलक्षण आहे. त्यात खांद्याला खांदा घुसडण्याची काहीच गरज नव्हती.

मग त्यांना एकत्र का खेळवले नाही, याचे उत्तर या गोष्टीतला सर्वांत चटका लावणारा भाग आहे, आणि नेमका तोच फिरणाऱ्या मजकुरात नसतो. आइसलँडच्या फुटबॉल संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष एगर्ट मॅग्नुसॉन यांची इच्छा होती की बाप-लेकांनी प्रथम एकत्र उतरावे ते घरच्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर. त्यासाठीचा सामनाही जवळच होता, कारण १९९८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत १ जून १९९६ रोजी मॅसेडोनियाचा संघ रेक्याविकला येणार होता. तालिनपासून त्या सामन्यापर्यंत जेमतेम सव्वा महिन्याचे अंतर होते, आणि ठेवणीतली वस्तू सणासुदीला काढावी तसा तो योग राखून ठेवला गेला. दरम्यानच्या काळात १८ वर्षांखालील संघाकडून आयर्लंडविरुद्ध खेळताना एइदुरचा घोटा मोडला. मॅसेडोनियाविरुद्धचा सामना त्याच्याविना झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला. १९९७ मध्ये आर्नोर यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली, तेव्हाही मुलगा राष्ट्रीय संघात परतलेला नव्हता. आपण दोघे कधीच एकत्र खेळू शकलो नाही ही आपली सर्वांत मोठी खंत आहे, असे आर्नोर यांनी पुढे बोलूनही दाखवले आहे. ज्या माणसाला ही खंत आहे, त्याच्याच नावावर ‘एकत्र खेळले’ हा पराक्रम आपण बिनदिक्कत खपवतो.

येथे नावाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण मजकुरात गुद्योनसेन हे आइसलँडमधील नेहमीचे आडनाव असल्यासारखे वापरलेले असते. त्या देशात बहुतेकांना आडनाव नसतेच; आपण मधल्या जागी वडिलांचे नाव लावतो तसे ते शेवटी लावतात, आणि त्या रीतीने हा मुलगा एइदुर आर्नोर्सन झाला असता. गुद्योनसेन हे मोजक्या घराण्यांनी जपलेल्या कुलनामांपैकी एक आहे. बाप-लेकाचे नाते जर्सीवरच वाचता यावे ही गोष्ट तिकडे दुर्मीळच असते, आणि या कथेला पाय फुटण्यास तेही एक कारण झाले असावे.

दुसरे विधान वशिल्याचे आहे. वडील नामवंत होते यात वाद नाही. आर्नोर १९७८ मध्ये, म्हणजे एइदुरचा जन्म झाला त्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी बेल्जियमच्या लोकेरेन क्लबात गेले, १९८३ मध्ये आंडरलेख्टमध्ये दाखल झाले आणि १९८६-८७ च्या हंगामात १९ गोल करून बेल्जियन लीगचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. मुलाच्या बालपणाची काही वर्षे बेल्जियममध्ये गेली, आणि पुढे परदेशी क्लबात पाऊल ठेवताना त्याला जे बिचकायला झाले नाही त्याचे श्रेय त्या घराला द्यावेच लागेल. याला घरातून मिळालेले वळण म्हणता येईल, पण वशिला म्हणता येणार नाही. वशिल्याने फार तर चाचणीसाठी दार उघडते. आत गेल्यावर गोल करावे लागतात. व्हालुर क्लबाकडून आइसलँडच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळताना एइदुरने १९९४ च्या हंगामात ७ गोल केले, तेव्हा त्याचे वय पंधरा वर्षे होते. तिथून पीएसव्हीत गेल्यावर १९९५-९६ च्या हंगामात त्याने लीगच्या १३ सामन्यांत ३ गोल केले. हे आकडे किरकोळ वाटत असतील तर त्या संघात आघाडीला कोण खेळत होते ते पाहावे: एक ब्राझीलचा रोनाल्दो, ज्याला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाने नेले, आणि दुसरा बेल्जियमचा ल्युक निलिस, जो आंडरलेख्टमध्ये आर्नोर यांच्याबरोबर खेळलेला होता. त्या दोघांच्या सावलीत सतरा वर्षांच्या मुलाला तेरा वेळा मैदानावर पाठवताना डिक अॅडव्होकाट यांच्यासारखा कडक प्रशिक्षक कुणाच्या वडिलांची भीड बाळगेल, हे मला तरी पटत नाही. शिवाय वशिलाच असता तर संघटनेच्या अध्यक्षांच्या इच्छेखातर बाप-लेकांना वेगळे ठेवले गेले नसते. वडिलांच्या नावाचा परिणाम त्या दिवशी तालिनमध्ये झाला असलाच, तर तो मुलाची मैदानावरची मिनिटे वाढवण्याऐवजी कमी करणारा होता.

पीएसव्हीने कुवत ओळखून घरी पाठवल्याचे तिसरे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते. मोडलेला घोटा हा काही हंगामाच्या शेवटी हातात पडलेला निकाल नसतो. धावता धावता अचानक थांबणे, एका पायावर गर्रकन वळणे, उडी मारून खाली येताच दिशा बदलणे, हे सगळे आघाडीपटू त्या एका सांध्याच्या भरवशावर करतो, आणि हाड सांधले तरी भोवतालच्या स्नायुबंधांच्या तक्रारी उरतात. एइदुरचे तसेच झाले; जवळपास दोन वर्षे तो खेळाबाहेर राहिला, आणि १९९८ मध्ये पीएसव्हीशी असलेला संबंध संपला. क्लबाने त्याला ठेवले नाही हे खरे आहे. परंतु ज्याला सतराव्या ते एकोणिसाव्या वर्षापर्यंत धड खेळताच आले नाही, त्याची कुवत कोणत्या सामन्यांत पाहून ठरवली, असा साधा प्रश्न मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणालाच पडलेला दिसत नाही. ‘दुखापत’ या एका शब्दाच्या जागी ‘कुवत’ घातला की मुलाची सगळी कहाणीच उलटते, आणि अशा उलटलेल्या कहाणीला टाळ्या अधिक मिळतात.

बंदिस्त मैदानांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. आइसलँडने पूर्ण आकाराची छत असलेली फुटबॉल मैदाने बांधली आणि त्यांतून एक पिढी घडली, हे खरेच आहे. परंतु त्यांतले पहिले, केफ्लाविकचे रेक्यानेसहोल, २००० साली उघडले. त्या वर्षी एइदुर चेल्सीशी करार करत होता. त्याच्या वयाची मुले हिवाळ्यात खडी-मातीच्या उघड्या मैदानांवर गुडघे सोलवटून घेत खेळली. छताखालच्या पिढीचे उदाहरण हवे असेल तर १९८९ मध्ये जन्मलेल्या आणि २००५ मध्ये रेडिंगच्या अकादमीत गेलेल्या गिल्फी सिगुर्दसनचे घ्यावे. परदेशी क्लबांची वाट तर या छपरांहून कितीतरी जुनी आहे: आल्बर्ट गुद्मुंदसन १९४० च्या दशकात आर्सेनल आणि एसी मिलानपर्यंत पोहोचले होते, आणि आस्गेर सिगुरविन्सन १९७३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजमध्ये गेले व पुढे १९८४ मध्ये श्टुटगार्टबरोबर जर्मन लीगचे विजेते झाले. एइदुर या जुन्या वाटेचा प्रवासी होता.

उरले शेवटचे, चेल्सीने थेट उचलल्याचे विधान. आइंडहोव्हन सोडल्यावर १९९८ च्या उन्हाळ्यात तो रेक्याविकच्या केआर क्लबाकडून खेळला. आइसलँडची लीग तेव्हा मे ते सप्टेंबर या काळात चालत असे, त्यामुळे युरोपचे क्लब नव्या हंगामासाठी संघ जमवत असत तेव्हा तिकडे सामने सुरूच असत आणि परतलेल्या खेळाडूला पाय मोकळे करता येत. त्या उन्हाळ्यातल्या त्याच्या सहा लीग सामन्यांत एकही गोल नाही. वजन वाढलेले, मागे दोन वर्षांची पोकळी, अशा अवस्थेत तो बोल्टन वाँडरर्सकडे चाचणीसाठी गेला. हा क्लब त्याच वर्षी प्रीमियर लीगमधून खाली घसरून इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत आलेला होता, त्याचे व्यवस्थापक कॉलिन टॉड होते, आणि गुद्नी बेर्गसन व आर्नार गुन्लाउग्सन हे दोन आइसलँडर तिथे आधीपासून खेळत होते. म्हणजे बोल्टनमध्येही नशिबाने एखादा हिरा कुणाच्या पायात लोळत आला नव्हता. त्या क्लबाला आइसलँडच्या खेळाडूंची पारख होती.

बोल्टनमधील दोन वर्षे कुणी सांगत नाही, कारण त्यांत हरलेले सामने फार आहेत. १९९९ च्या मे महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर प्रीमियर लीगमधील बढतीसाठी झालेल्या अंतिम सामन्यात बोल्टन वॉटफर्डकडून ०-२ असे हरले. पुढच्या हंगामात, ज्यात टॉड यांच्या जागी सॅम अॅलर्डाइस आले, संघाने एफए कप, लीग कप आणि बढतीची स्पर्धा या तिन्ही ठिकाणी उपांत्य फेरी गाठली आणि तिन्ही ठिकाणी तो तिथेच अडकला. एफए कपमध्ये अॅस्टन व्हिलाने त्यांना पेनल्टींवर हरवले. या सगळ्यात एइदुरने लीगचे ५५ सामने आणि १८ गोल जमवले. गोलांपेक्षा मला सामन्यांचा आकडा मोलाचा वाटतो, कारण दुसऱ्या श्रेणीत मंगळवारी रात्री खेळून पुन्हा शनिवारी मैदानात उतरायचे असते, आणि दोन वर्षे निकामी राहिलेला घोटा ते सोसतो की नाही हे दुसऱ्या कुठल्या परीक्षेत कळले नसते.

२००० च्या उन्हाळ्यात चेल्सीने त्याच्यासाठी सुमारे ४० लाख पौंड मोजले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी जिमी फ्लॉइड हॅसलबँकसाठी दीड कोटी पौंड दिले होते, यावरून कुणाकडे तारा म्हणून पाहिले जात होते आणि कुणाला अजून वाट पाहायची होती ते उघड आहे. प्रीमियर लीगचा पहिला सामना खेळताना एइदुर २१ वर्षांचा होता. तालिनच्या त्या सामन्यानंतर मधे चार वर्षे, एक मोडलेला घोटा आणि तीन क्लब गेले होते.