तुमच्या गाडीच्या फॅनबद्दल, गॅरेजमालकाकडून

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंत ते मी सावकाश, दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं: रेडिएटरच्या डाव्या फॅनची चांगली मोटर आम्ही बदलायला लावली, तरी आठ दिवसांत फॅन पुन्हा बंद पडला. दुसऱ्या खेपेला 'एका वायरसाठी' गाडी चार दिवस अडकवली, तेच काम दुसरा मिस्त्री फॅन डायरेक्ट करून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या बटणाला थेट जोडून, दहा मिनिटांत देणार होता. आणि आता एसी लावला की दोन्ही फॅन फिरतात, गाडी बंद केल्यावरही फिरत राहतात, म्हणजे बिघाड अजून तसाच आहे.

मोटरबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ती चांगली होती, आणि हे दुसऱ्या खेपेला आम्हीच तुम्हाला सांगितलं. बाकीचं मात्र मला मान्य नाही. का ते सविस्तर लिहितो, कारण जुनी स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रकार कधी ना कधी येतोच.

आधी माझी चूक. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा लक्षण स्वच्छ होतं. गाडी पळत असेपर्यंत तापमानाचा काटा मध्यावर, गर्दीत पाच मिनिटं थांबली की काटा लाल पट्ट्याकडे. मोकळ्या रस्त्यावर रेडिएटरला समोरून वारा मिळतो, फॅनची गरज जवळपास नसते. म्हणून उभ्या गाडीचंच तापमान चढत असेल तर पहिला संशय फॅनवर. पळताना चढलं असतं तर मी रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांच्या मागे लागलो असतो. इथवर ठीक होतं. डावा फॅन अजिबात फिरत नव्हता. मी त्याचा प्लग काढून टेस्ट लॅम्प लावला, दिवा लख्ख पेटला. वीज येतेय आणि फॅन फिरत नाही, म्हणजे मोटर गेली, असा निष्कर्ष मी काढला. ही चाचणी माझ्या हातची, तेव्हा दोषही माझाच.

टेस्ट लॅम्पमधला बल्ब पाच वॅटचा. तो अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. फॅनची मोटर चालताना 12 अँपिअर ओढते, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. वाटेत कुठे जोड कुजलेला असेल तर पाच वॅटच्या बल्बापुरती वीज त्यातून सहज जाते, फॅनपुरती जात नाही. दिवा पेटला याचा अर्थ एवढाच की तार पूर्ण तुटलेली नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही भार देऊन व्होल्टेज मोजायचा कंटाळा केला, हे जास्त वाईट.

मग नवी मोटर बसवल्यावर फॅन आठ दिवस चालला कसा? तुमच्या गाडीत जुन्या पद्धतीचे टोकदार फ्यूज आहेत, चिनीमातीच्या अंगावर पट्टी असलेले, दोन स्प्रिंगच्या पत्र्यांत अडकवायचे. मोटर बदलण्याआधी मी तो फ्यूज काढला आणि काम झाल्यावर परत घातला. काढता-घालताना पत्र्यावरचा काळा थर खरवडला गेला आणि जोड तात्पुरता सुधारला. मला वाटलं मोटरने काम केलं. फॅन सुरू झालेला पाहून मी तिथेच थांबलो.

दुसऱ्या खेपेला फॅन चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, फॅनच्या प्लगवर 9.4. मधले 4.4 व्होल्ट वाटेत गळत होते. एक प्रोब बॅटरीवर ठेवून दुसरा टप्प्याटप्प्याने पुढे नेला तेव्हा हिशेब लागला: 2.7 व्होल्ट एकट्या फ्यूजच्या पत्र्यांत, 1.4 अर्थच्या जोडात (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेच्या वाटेत) आणि उरलेले 0.3 तारेत. 12 अँपिअर गुणिले 2.7 व्होल्ट म्हणजे 32 वॅट. इतक्यावर सोल्डरिंग आयर्न चालतं. तेवढी उष्णता फ्यूज बॉक्सच्या प्लास्टिकमध्ये, तुमच्या पायांच्या वर, कित्येक महिने जमत होती. पत्रे तापून ढिले पडले, ढिले पडले म्हणून आणखी तापले. फ्यूज मात्र डोळ्यांना शाबूत दिसत होता, कारण तो वितळावा इतका प्रवाह कधी गेलाच नाही. बॉक्स उघडल्यावर करपलेलं प्लास्टिक तुम्हाला दाखवलं होतं, त्याचा फोटोही तुमच्याकडे आहे. म्हणून 'एका वायरसाठी' हे म्हणणं मला लागलं. पत्र्यांजवळचं टोक सोडलं तर वायर ठीक होती. आग लागायची जागा सापडली होती.

त्याच दिवशी काढलेली जुनी मोटर थेट बॅटरीवर लावली. आवाज न करता फिरली आणि जेवढा प्रवाह घ्यायला हवा तेवढाच घेतला. ते पाहून मी तुम्हाला फोन केला.

आता चार दिवसांचं. पहिला दिवस वरच्या मोजणीत गेला, कारण हा बिघाड गाडी तापल्यावरच दिसायचा. दर वेळी गाडी गरम करा, मोजा, थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी फ्यूजचे पत्रे बदलले आणि त्यांच्या मागची कडक झालेली तार मागे चांगल्या तांब्यापर्यंत कापून नव्याने जोडली. हेडलाइटच्या मागचा अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत घासला. तोवर लक्षात आलं होतं की फॅनचा कमी वेग दोन्ही बाजूंना मेलेला आहे. म्हणून थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापलं की फॅन लावणारा स्विच, काढून पाण्यात थर्मामीटरसोबत तापवला. पहिला टप्पा 92 अंशांना जोडला, दुसरा 99 ला, दोन्ही टप्पे थंड होताना सुटले. स्विच चांगला निघाला. तो आम्ही बदलला नाही आणि बिलातही नाही. गेला होता तो कमी वेगाचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून फॅन हळू फिरवणारा भाग, आतून तुटलेला. तो मागवून यायला तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) भरून हवा काढली. हे घाईचं काम नव्हे. थर्मोस्विचच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी उकळायला आलं तरी स्विचला उष्णता कळत नाही, आणि फॅन बिघडल्यासारखा गप्प राहतो. नंतर गाडी उभी चालू ठेवून फॅन आपोआप लागला, काटा उतरला, फॅन सुटला, असं तीनदा होऊ दिलं. पूर्ण थंड करून तेच पुन्हा केलं. पहिल्या खेपेला हे केलं असतं तर दुसरी खेप आलीच नसती, म्हणून त्या दिवशी मी घाई केली नाही.

फॅन डायरेक्ट करण्याबद्दल. दहा मिनिटांत होतं हे खरं आहे, आणि तुम्हाला ते सुचवणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण डॅशबोर्डवरच्या साध्या बटणातून थेट फॅनचा प्रवाह नेला तर बटणाचे संपर्क करपतात किंवा चिकटून बसतात. फॅन लावायची आठवण मग तुम्हालाच ठेवावी लागते, आणि इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड वाकायला एकच विसरलेला ट्रॅफिक जॅम पुरतो. त्यातही अर्थ तोच गंजलेला राहिला असता, तर बटण दाबूनही फॅन अर्ध्या दमानेच फिरला असता. स्वतंत्र रिले (बटणाच्या थोड्या विजेवर फॅनचा मोठा प्रवाह लावणारा स्विच) आणि फ्यूज घालून, आपोआप चालणारी व्यवस्था तशीच ठेवून जोडीला बटण द्यायला माझी हरकत नाही. शर्यतीच्या गाड्यांना तसं करतात. तुम्हाला हवं असेल तर करून देईन.

राहिला आत्ताचा 'बिघाड'. एसी लावला की दोन्ही फॅन कमी वेगाने फिरायलाच हवेत, कारण एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे आहे आणि उभ्या गाडीत त्याला दुसरा वारा नाही. रेझिस्टर मेलेला असल्यामुळे तुमच्याकडे गाडी आल्यापासून हे बहुधा कधी झालंच नव्हतं, म्हणून नवीन वाटतंय. गाडी बंद केल्यावर पाण्याचा प्रवाह थांबतो आणि इंजिनातली उष्णता थोडा वेळ वर चढत राहते. या गाडीच्या थर्मोस्विचला चावीशिवाय वीज दिलेली आहे ती त्यासाठीच. काही मिनिटांनी फॅन आपण होऊन थांबतो का एवढं बघा. पंधरा-वीस मिनिटं उलटूनही थांबला नाही, किंवा सकाळी थंड गाडीत फिरताना दिसला, तर तो खरा दोष, आणि त्याचं काम मी फुकट करून देईन.

पहिल्या खेपेची मोटरची किंमत आणि मजुरी, दोन्ही परत करतो आहे. तसा निरोप तुम्हाला पाठवला आहे. तुमची मूळ मोटर गाडीचा नंबर लिहून फळीवर ठेवली आहे. तीच परत बसवायची की नवी राहू द्यायची, तुम्ही सांगा. मला विचाराल तर मूळची बसवा, ती अजून बरीच वर्षं जाईल. नवी ठेवलीत तरी तिचे पैसे घेणार नाही. दुसऱ्या खेपेचं बिल मात्र आहे तसंच राहील, कारण ते काम गरजेचं होतं आणि नीट झालं आहे.

आता आमच्याकडे फॅनची वीज तपासायला 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब वापरतो. तो साडेचार अँपिअर ओढतो, त्यामुळे कुजका जोड असेल तर मंद पेटून लगेच दाखवतो. मोटर गेली असं म्हणण्याआधी ती काढून बॅटरीवर लावायची आणि गाडीच्या मालकाला दाखवायची, हेही ठरवलं आहे.

मोटरीसाठी याल तेव्हा गाडी थेट चालवत आणा, इंजिन गरम असू द्या. दुरुस्तीनंतर प्लगवर 13.3 व्होल्ट मिळत होते. फॅन चालू असताना तो आकडा तुमच्यासमोर पुन्हा घेतो.